मानेवरची फुली

माझी धाकटी जाऊ दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, म्हणून ती सारखी हसते. दात दाखवायचाच पगार मिळतो तिला, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं होतं. त्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता "तुझं आपलं काहीतरीच" एवढंच म्हटलं. भावाच्या बायकोबद्दल तो याच्यापुढे कधी जात नाही, आणि मी याच्या अलीकडे कधी थांबत नाही.

उगाच आडपडदा कशाला, मी तिच्यावर जळते. ती घरात माझ्यानंतर आली आणि सगळं तिला माझ्याआधी मिळालं. मोठं स्वयंपाकघर आधी तिला, गाडी आधी तिला, सासूबाईंच्या बांगड्यासुद्धा तिच्याच मनगटाला बरोबर बसल्या. आम्ही कालव्याच्या या बाजूला राहतो, ते त्या बाजूला. मधे लोखंडी पूल. कुकर लावून निघालं तर शिट्ट्या होईपर्यंत परत येता येतं, एवढंच अंतर. पण पुलाच्या अलीकडची शाळा वेगळी, पलीकडची वेगळी, आणि शाळा वेगळी म्हणून नियमही वेगळे. तिच्या वाट्याला नियमसुद्धा सैल आले.

कसले नियम, ते सांगते. माझी लेक आणि तिची लेक, दोघी शाळेत कुस्ती खेळतात, मॅटवरची, आणि त्याही एकाच वजनगटात. माझीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरतच नाही. पकडायला जावं तर हातात हवा येते. तिचीला बाहुली म्हणतात. गोल चेहरा, मोठे डोळे, गालाला खळी. त्या खळीवर जाऊ नका. तिनं एकदा कंबरेला मिठी घातली की समोरची छताकडे बघत पडलेली असते.

आता मॅट म्हटली की घाम आला, अंगाला अंग घासणं आलं, आणि त्याच्या मागून नायटा आला. लाल, गोल, कडेला खवले असलेला चट्टा. जिवाला काही धोका नाही, पण खाजतो, आणि एकीचा दुसरीला लागतो. आमच्या शाळेचा नियम असा की चट्टा दिसला की पोरगी बाहेर. डॉक्टर बरं झालं म्हणेपर्यंत मॅटला पाय लावायचा नाही. पलीकडच्या शाळेचा नियम असा की चट्टा आधी आपल्या कोचला दाखवा, वर पट्टी लावा आणि खुशाल खेळा; न दाखवता तपासणीत सापडला तरच त्या दिवशी बाहेर. दोन शाळांची गाठ पडली की जी पोरगी ज्या शाळेची, तिला त्या शाळेचा नियम. मॅट एक, पंच एक, शिट्टी एक आणि नियम दोन. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी दोन जावा नसणार.

गेल्या वर्षी सेमीफायनलच्या सकाळी भिंगरीच्या दंडावर चट्टा निघाला. आमच्या शाळेच्या नर्सबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, मान हलवली, आणि माझ्या पोरीचं वर्ष तिथंच संपलं. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, बाहुली गुडघ्यावर पट्टी लावून उतरली, फायनलसुद्धा जिंकली आणि मेडल घेऊन घरी गेली. जावेनं ते दाराच्या आत खुंटीला टांगलंय. चपला काढायला वाकलं की डोक्याला लागतं. मी तिकडे गेले की वाकतच नाही, पायानं पाय दाबून चपला काढते.

त्यात भर म्हणजे त्या संध्याकाळी बाहुली मेडल घेऊन आमच्याकडे आली आणि भिंगरीच्या गळ्यात घालून म्हणाली, "आजच्या दिवस तू ठेव, अर्धं तुझंच आहे." दोघी मेडल ओढाओढ करत हसत बसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती गेल्यावर मी म्हटलं, "काढ ते. दुसऱ्याचं मेडल घालून काय मिरवतेस?"

"आई, गंमत करत होती ती."

"नियम आपल्या बाजूचे असते तर मीही गंमत केली असती."

"नियम काय तिला विचारून केलेत?" असं म्हणून भिंगरीनं ते उशीखाली ठेवलं आणि झोपली. पोरगी बापावर गेलीय. जळायचं म्हणजे काय, ते हिला शिकवूनही येणार नाही.

मी केस करते. कालव्याच्या कडेला माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे, भिंतभर आरसा, आणि कुस्तीच्या दिवशी सकाळी दोन्ही शाळांच्या पोरी माझ्याकडेच येतात. पिना चालत नाहीत, मोकळे केस चालत नाहीत, आणि पोरींना डोक्यावर टोपडं चढवायला आवडत नाही. माझी पद्धत अशी आहे: कपाळापासून दोन सागरवेण्या डोक्याला चिकटवून इतक्या घट्ट विणायच्या की भुवया जराशा वर जातात. मग दोन्ही शेंडे मानेवर एकमेकांवरून न्यायचे आणि जाड दोऱ्यानं टाचून टाकायचे. मानेवर फुली दिसते. पोरी तिला 'काकूची फुली' म्हणतात. कितीही ढकलाढकली झाली तरी ती सुटत नाही, आणि मान पूर्ण झाकली जाते. एवढं एक काम माझं असं आहे की त्यात जावेनं कधी हात घातला नाही. तिला साधी चार बोटं केसांची बट सरळ कापता येत नाही.

यंदा फायनलला भिंगरी आणि बाहुली समोरासमोर आल्या. हॉल आमच्या शाळेचा. घरातली पुरुषमंडळी खूश. भाऊजी नवऱ्याला टाळी देऊन म्हणाले, "कुणीही जिंको, मेडल घरातच!" घरात म्हणजे कुणाच्या खुंटीला, ते सांगायला दोघंही तयार नव्हते.

त्या सकाळी भिंगरीचं डोकं मी आधी केलं. तिची मान स्वच्छ होती, मी दोनदा पाहिली. फुली टाचली, पाठीत हलकी थाप मारली, आणि ती सराव करायला शाळेत पळाली. थोड्या वेळानं बाहुली आली, एकटीच. जाऊ परस्पर हॉलवर येणार होती.

"काकू, आज घट्ट बांध हं," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तुझी पोरगी वेणी धरते."

"वेणी धरली की गुण जातो."

"म्हणून तर म्हणते. सुटली की ती धरणारच. मला फुकटचा गुण नको." आणि खळी पाडून हसली.

मी केस पुढे घेतले, मधून भांग पाडला, अर्धे डाव्या खांद्यावर टाकले, अर्धे उजव्या. आणि मानेवर, केसांच्या रेषेच्या जरा खाली, मला तो दिसला. शर्टाच्या बटणाएवढा, लालबुंद, कडेला खवले. स्वतःची मान कुणाला दिसते? तिला पत्ताच नव्हता.

"तिथं केस टोचतात ग सारखे," बाहुली म्हणाली आणि हात मागे नेऊन बोटानं खाजवलं. बरोब्बर त्याच्या कडेला.

माझ्या उजव्या हाताच्या खालच्या खणात पट्टीची गुंडाळी असते. कात्रीनं बोट कापतं कधीकधी. तिला एवढंच सांगायचं होतं की बाळा, चट्टा आहे, कोचला दाखव. तिनं दाखवला असता, त्यांच्या नियमाप्रमाणे पट्टी लावून ती उतरली असती. मी वेणी विणायला घेतली. एकीकडे मनात म्हणत होते, सांगते, ही वेणी झाली की सांगते.

"काकू, आई काय म्हणतेय माहितीये? आज जिंकले तर दुसरं मेडल पहिल्याच्या शेजारीच टांगायचं. जोडी छान दिसेल म्हणे."

माझे हात थांबले. मला ती खुंटी दिसली. नर्सबाईंचा कपाळावरचा चष्मा दिसला, आणि गेल्या वर्षी हॉलच्या पायरीवर पाय हलवत बसलेली भिंगरी दिसली. मी दुसरी वेणी पुरी केली, दोन्ही शेंडे उचलले, वर नेले आणि टाळूवर गोल वळवून टाचले. मान पार उघडी केली. एक बटसुद्धा खाली ठेवली नाही.

"फुली नाही घालायची?" तिनं आरशात पाहून विचारलं.

"आज वर बांधते. उकडतंय. आणि ही जास्त घट्ट बसते."

"तू म्हणशील तसं." तिनं डोकं इकडून तिकडे वळवलं. "मोठी दिसतेय ना मी?" मग उठून माझ्या गालाला गाल लावला आणि गेली. मी खुर्चीवर पडलेले केस झटकले. माझ्या पोरीला लागू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. भिंगरीची मान आणि तिची मान एकमेकींना घासणारच होती. आमच्या शाळेचा नियम अशा पोरीला उभंच करत नाही. मग मी वाईट काय केलं?

हॉल भरला होता. आमची माणसं एका बाजूला, त्यांची दुसऱ्या बाजूला, आणि आमचंच कुटुंब मधोमध, कारण नवऱ्याला आणि भाऊजींना शेजारीशेजारी बसायचं होतं. त्यामुळे जाऊ माझ्या डाव्या हाताला. तिनं मला पाण्याची बाटली दिली, हसली. मीही हसले. माझे दात तिच्यासारखे नाहीत.

मॅटच्या कडेला तपासणी सुरू झाली. पंचांनी हात पाहिले, नखं पाहिली, गुडघे, पाठ. भिंगरीची झाली. बाहुलीच्या मागे जाऊन ते थांबले.

"हे काय?"

त्यांचा कोच धावला. पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "पट्टी लावतो ना साहेब, आत्ता लावतो."

"तुमच्याच शाळेचा नियम आहे," पंच म्हणाले. "आधी दाखवून झाकलेला असेल तर चालतो. तपासणीत उघडा सापडला तर त्या दिवशी बाहेर. दाखवला होता तुम्हाला?"

कोचनं बाहुलीकडे पाहिलं. बाहुलीनं मानेवर हात नेला, चाचपलं, आणि डोकं हलवलं. तिला खोटं बोलता आलं असतं. कोचलाही आलं असतं. दोघंही बोलले नाहीत.

माझ्या शेजारी जाऊ अर्धवट उठली होती. तिचं तोंड मिटलं होतं. इतक्या वर्षांत ते मिटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं. आता कुणी काही म्हणो, त्या घटकेला मला बरं वाटलं, उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं.

मग भिंगरीला मॅटच्या मधे बोलावलं. समोर कुणी नव्हतं. पंचांनी तिचा हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लग्नात नको असलेल्या भाषणाला वाजवतात तशा. सगळ्यांत जोरात बाहुली वाजवत होती, बाकावर उभी राहून, नाक लाल झालेलं, शिट्टीसुद्धा मारली तिनं. जी पोरगी जन्मात एका जागी ठरली नाही ती माझी भिंगरी मॅटच्या मधोमध नुसती उभी होती. पंचांनी हात सोडल्यावर तो आपोआप खाली पडला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये सगळे भेटलो. भिंगरीच्या गळ्यात मेडल. बाहुली दोन हात लांब उभी राहून म्हणाली, "जवळ येत नाही ग, लागेल तुला. लांबूनच मिठी." मग माझ्याकडे वळली. "काकू, बरं झालं तू वर बांधलेस. नेहमीसारखी फुली घातली असतीस तर कळलंच नसतं, आणि ही बिचारी पुढच्या महिन्यात खाजवत बसली असती."

"खरंच हो वहिनी," जाऊ म्हणाली. तिनं माझा हात हातात घेतला. डोळे भरले होते तिचे. "तुमच्यामुळे वाचलो. भिंगरीला आमच्यामुळे लागलं असतं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं? गेल्या वर्षीचंच मला अजून खातं. आमची खेळली आणि ही बसून राहिली."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. नव्हता. तसली बाई आहे ती. सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच येतो.

भिंगरीनं आधी बाहुलीच्या टाळूवरच्या वेणीकडे पाहिलं. मग तिचा हात सावकाश स्वतःच्या मानेवर गेला, फुलीवर. तिथं दोऱ्याची गाठ असते ती तिनं बोटानं चाचपली. आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तिथून आम्ही दोघी दुकानात आलो. मी कुलूप उघडलं, ती आत आली आणि सकाळी बाहुली बसली होती त्याच खुर्चीत बसली.

"आई, तुला दिसलं होतं."

"काय?"

"तुला केसातली लीखसुद्धा दिसते. त्या दिवशी शेजारच्या मुलीच्या डोक्यातला तीळ तू दारातून दाखवलास. आणि बाहुलीची मान नाही दिसली?"

खोटं जिभेवर आलं होतं. पण ही पोरगी या खुर्चीशेजारच्या पेटीवर बसून मोठी झालीय, तिला काय सांगणार? म्हटलं, "दिसलं. मग? तुला लागायला हवं होतं का? आपल्या शाळेचा नियम काय आहे? नियम पाळला तर मी वाईट?"

"नियम पाळायचा होता तर तिला सांगायचं होतंस. तिनं पट्टी लावली असती. खेळायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

"आणि तू काय ठरवलं असतंस?"

"ते आता कुणाला कळणारे?" तिचा आवाज फाटला. "वर्षभर मी तिच्या त्या मिठीतून सुटायचा डाव बसवत होते. तिलाही माहीत होतं. ती म्हणायची, दाखवू नकोस, फायनललाच बघते. आई, मी तिला हरवलं असतं ग. नाहीतर हरले असते. यातलं काहीच तू मला करू दिलं नाहीस."

"गेल्या वर्षी तुला बाहेर बसवलं तेव्हा कुणाला पुळका आला होता?"

"तिला आला होता," भिंगरी म्हणाली. "तुलाच तो खुपला."

तिनं गळ्यातलं मेडल काढून आरशाच्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवलं, जिथं मी कंगव्यांची पिशवी लावते. "इथं राहू दे. तुलाच हवं होतं," म्हणाली आणि निघून गेली. पुलाच्या दिशेनं.

संध्याकाळी जावेचा फोन आला. "वहिनी, भिंगरी इथंच राहते म्हणतेय, राहू दे ना? दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भिंतीतून गप्पा मारतायत. मी मलम लावलंय हिला, टॉवेल वेगळा दिलाय भिंगरीला, तुम्ही काळजी नका करू." मग म्हणाली, "काही झालंय का हो? पोरगी रडून आल्यासारखी वाटली. विचारलं तर काही सांगत नाही."

म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. माझं लपवून माझ्या पोरीनं ते त्या घरात एकटीनं सांभाळलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "दमलीय. राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून बसले होते. एक गिऱ्हाईक खुर्चीत, डोक्याला रंग लावलेला. दारात भिंगरी आली, आणि माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. तिचे केस गेले होते. जन्मल्यापासून त्या केसांना माझ्याशिवाय कुणाची कात्री लागली नव्हती. आता ते कानाच्या वर कापलेले होते, एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब, आणि मागे मानेवर पायऱ्या पायऱ्या. कात्री कुणाची ते विचारायची गरज नव्हती. असं वाकडं फक्त एकच बाई कापू शकते.

फोनवर जावेचा निरोपही येऊन पडला होता, मी नंतर ऐकला. 'वहिनी, पोरीनं हट्टच धरला हो. मी म्हटलं आईकडे जा, ती नीट करेल. ऐकेना. मला काही जमलं नाही, वाकडे झालेत. तुम्ही जरा सरळ करून द्या.'

"ये," मी भिंगरीला म्हटलं. "बस त्या दुसऱ्या खुर्चीत. कडा तरी सरळ करते."

ती आरशापाशी आली. मेडल कालच्याच जागी लटकत होतं, तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून स्वतःचं डोकं एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून.

"नको," ती म्हणाली. "असेच राहू देत. धाकट्या काकूनं कापलेत."

दप्तर उचलून ती शाळेत निघाली. मी दारापर्यंत गेले. उन्हात तिची मान उघडी दिसत होती, स्वच्छ, आणि तिच्यावर त्या बाईच्या कात्रीच्या वेड्यावाकड्या पायऱ्या. आत गिऱ्हाईक ओरडत होतं की रंग डोळ्यांत उतरतोय.